शिळा नमुना

"बाईनं डबी धाडली," म्हणत रामकिसन कंडक्टरनं खिडकीतून काडेपेटी आत सरकवली आणि हात पँटला पुसले. "हे तिसरी हाय भिवाजीभाऊ. पुढच्या खेपेले तिचं तिकीटच फाडतो म्या."

भिवाजी हसला. तालुक्याच्या दवाखान्यातल्या त्या खिडकीशी अशा काडेपेट्या रोज येत. कुणी पळसाच्या पानात गुंडाळून आणी, कुणी वर्तमानपत्रात. एका पाटलीणबाईंनी तर जर्द्याच्या चकचकीत डबीत आणून दिलं होतं आणि डबी परत मागितली होती. गेली सोळा वर्षं भिवाजी लोकांच्या पोटातलं पाहत होता. त्याचं काम चारचौघांत सांगायची लोकांना लाज वाटे, त्याला वाटत नसे. त्याच्या बापाला गावची मेलेली ढोरं ओढावी लागली होती. मुलगा स्टुलावर बसून काचेतून बघत होता आणि बघितलेलं इंग्रजीत लिहीत होता. बाप असता तर त्यानं अख्खं रिठद गाव ही खिडकी दाखवायला आणलं असतं.

त्यानं काडेपेटी उघडली, काचपट्टीवर मिठाच्या पाण्याचा थेंब टाकला, काडीनं कालवलं आणि मायक्रोस्कोपचा आरसा उजेडाकडे वळवला. गोलात अळ्या वळवळत होत्या. बारीक, पारदर्शक. मागच्या दोन डब्यांतही त्या होत्या.

"कवा देल्ली बाईनं?" त्यानं विचारलं.

"मले काय मालूम? काल सकाळपासून स्टँडवरच्या पानठेल्यावर ठेवून होती म्हणे. काल माह्या गाडीत पाय ठेवाले जागा नोती, डबी कुठं ठेवू?"

म्हणजे पुरता एक दिवस. आश्विनातलं ऊन आणि पत्र्याचा पानठेला. नागपूरच्या ट्रेनिंगमध्ये पहिल्याच आठवड्यात शिकवलं होतं, की ताज्या शौचात हुकवर्म जंताची अंडी दिसतात. नमुना शिळा झाला की अंडी फुटून अळ्या निघतात. अळी बघून घाबरायचं नाही, ताजा नमुना मागवायचा. हे भिवाजीला इतकं पाठ होतं, की नवीन आलेल्या डॉक्टरांना तोच समजावून सांगे. त्यानं रजिस्टरात लिहिलं: भागिरथा, रिठद. हुकवर्म. नमुना शिळा.

मग त्यानं हुकवर्मचं औषध बांधलं, त्याच्याबरोबर दम्याच्या गोळ्यांची नेहमीची पुडी ठेवली आणि दोन्ही रामकिसनच्या हातात दिलं. "तिले सांग, या वक्ताले खुद्द ये म्हणा. डबी धाडू नोको."

"म्या सांगतो. पन तुमची बाई कोनाचं आयकते?"

ते मात्र खरं होतं.

भागिरथा त्याची बहीण, त्याच्याहून दहा वर्षांनी मोठी. आई गेली तेव्हा भिवाजी चार वर्षांचा होता, आणि चौदा वर्षांच्या भागिरथानं त्याला कडेवर घेतलं ते जवळजवळ खाली ठेवलंच नाही. लग्न झालं, नवरा तीन वर्षांत वारला, ती परत रिठदला आली. भाऊ शिकला तो तिच्या मजुरीवर. हे ती कधी बोलून दाखवत नसे, आणि म्हणूनच भिवाजीला ते रोज आठवे.

अकरा वर्षांपासून ती ओढ्याकाठच्या माणिकरावांच्या पानमळ्यात कामाला होती. पानमळ्याचा एक कायदा असतो. वेल म्हणजे देवी, तिच्या सावलीत जायचं तर पायातलं बांधावर काढून. माणिकराव स्वतः काढत, व्यापारी काढत, एकदा तहसीलदारानंही काढले होते बूट. आणि बौद्धपुऱ्यातल्या माणसांना तर पायातलं काढूनसुद्धा आत येऊ देत नसत. छप्पन सालानंतर या लोकांनी देव सोडले, पण देवांच्या मालकांनी आपले नियम सोडले नव्हते. मग एका वर्षी वेल खाली उतरवून बांधायच्या वेळी मजूर मिळेनात. माणिकराव बौद्धपुऱ्याच्या तोंडाशी येऊन उभे राहिले आणि म्हणाले, "भागिरथाबाई, तुमचा हात हलका हाये म्हणतात." त्या दिवशी ती मळ्यात गेली. त्या पुऱ्यातली पहिली बाई. मागाहून तिनं चंपाबाईला नेलं, आणखी दोघींना नेलं.

भिवाजीनं पहिल्या पगारात तिला टायरच्या तळाच्या चपला आणल्या होत्या. त्या झिजल्यावर दुसऱ्या आणल्या, आणि मळ्यात लागल्यापासून मात्र त्या दुसऱ्या झिजतच नव्हत्या. ती त्या घरापासून बांधापर्यंत घाली आणि बांधावर ठेवी. दिवसभर पाण्यानं भिजलेल्या, शेणखतानं काळ्या झालेल्या मातीत अनवाणी.

"पायाले खाज सुटते म्हणतेस, मंग चप्पल घालत जा ना मळ्यात," तो एकदा म्हणाला होता.

"येडा हायेस काय रे भिवा? म्या चप्पल घातली तं माणिकराव काही म्हननार नाही. पन त्याची बायको म्हनन. आमचा पाय मळ्यात लागला हेच तिले अजून पचलं नाही. अन् माह्यामांगं तिघीजणी हायेत. एकीच्या चपलेपायी चौघीइची वाट कायले बंद करू?" मग ती हसली होती. "अन् गार लागते रे तिथं. एवढ्या उन्हात कोनाच्या पायाले गार लागते, सांग मले?"

दुष्काळाच्या साली मळा वाळला. भागिरथा रस्त्याच्या कामावर खडी फोडायला गेली आणि तिथल्या धुळीतून दमा घेऊन आली. पाऊस परतला, मळा परतला, दमा गेला नाही. रात्र रात्र ती उशाला हात टेकून बसून काढी. दोन वर्षांपूर्वी त्या वेळच्या डॉक्टरसाहेबांनी तिला आठ दिवसांच्या बारीक पांढऱ्या गोळ्या लिहून दिल्या. तिसऱ्या दिवशी ती घागर घेऊन ओढ्यावर गेली. आठ दिवस संपले आणि श्वास पुन्हा कोंडला.

डॉक्टर बदलून गेले होते. भिवाजी कंपाउंडर सैफुद्दीनकडे गेला. दोघं एकाच वर्षी नोकरीला लागलेले. एकाची चहाची बशी दुसऱ्याच्या टेबलावर सापडे.

"त्या गोळ्या चालू ठेवाव्या म्हणतो," भिवाजी म्हणाला.

"घेऊन जा ना भाई," सैफुद्दीन कपाट उघडत म्हणाला. "डब्बा भरून हाय. बहन ले साँस मिळते, और काय पाहिजे?"

तेव्हापासून दर महिन्याला रामकिसनच्या गाडीतून पुडी जाई. भागिरथा सगळ्यांना सांगे, माह्या भावाच्या गोळ्या. तिचा चेहरा गोल झाला, गाल वर आले. बायका म्हणत, म्हातारपणी बाळसं धरलं बाईनं. भिवाजी हे ऐके आणि त्याला आपल्या नोकरीचं सार्थक झाल्यासारखं वाटे. माणसानं एवढ्यावर खूश व्हायचं नसतं, पण तो झाला. गेल्या तीन महिन्यांत तिला जुलाब लागले, पोटात कळा येऊ लागल्या, तेव्हा इकडून पुडी जायची आणि तिकडून डबी यायची, एवढाच फरक पडला.

तिसऱ्या डबीनंतर पाचव्या दिवशी चंपाबाई मिळाली त्या पहिल्या गाडीनं तिला घेऊन आली.

रामकिसन आणि चंपाबाईनं दोन्हीकडून धरून तिला दवाखान्याच्या ओट्यावर आणलं. भिवाजी धावला. तोंड तेवढं गोल होतं; खालचे हातपाय तुरीच्या काड्यांसारखे झाले होते. श्वास घेताना गळ्याखाली खड्डा पडत होता. पाय मातीनं भरलेले, अनवाणी.

"वेल बांधता बांधता खाली बसली अन् उठलीच नाही," चंपाबाई म्हणाली. "चार दिसापासून पोटात पानी ठरत नाही. म्या म्हनलं दवाखान्यात चाल, तं म्हने भिवानं औषिध धाडलं हाय."

"बाई, तुले येजो म्हणून निरोप देल्ला होता," भिवाजी म्हणाला.

"आली ना मंग," भागिरथा म्हणाली. तेवढ्यानंच ती धापा टाकू लागली.

डॉक्टरसाहेबांनी तिला तपासलं. वर्षभरापूर्वी आलेला हा तरुण माणूस कमी बोलणारा होता. त्यांनी लुगड्याची निरी खाली सारून पोट पाहिलं. बेंबीभोवती जांभळे डाग होते, कुणी शाईचे अंगठे उमटवल्यासारखे. त्यांनी एका डागावर बोट दाबून पाहिलं. "स्टूल करा. आणि थुंकी पण, टीबीसाठी," ते म्हणाले.

या वेळी डबी नव्हती. चंपाबाईनं बेडपॅन लावलं आणि भिवाजीनं ते स्वतःच्या हातानं खिडकीमागच्या आपल्या खोलीत नेलं. पाच मिनिटं झाली नव्हती. भांडं अजून कोमट होतं.

त्यानं थेंब टाकला, कालवलं, डोळा लावला.

अंडं एकही नव्हतं. अळ्याच अळ्या होत्या, एकमेकींना ढकलत, काचेच्या एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत.

भिवाजीनं डोळा काढला, चष्मा पुसला, पुन्हा लावला. मग त्यानं मोठं भिंग फिरवून एका अळीच्या तोंडावर आणलं. ट्रेनिंगमध्ये हेही शिकवलं होतं. हुकवर्मच्या अळीचं तोंड लांब असतं. दुसरी एक जात असते, तिचं तोंड आखूड; ती ताज्या नमुन्यातही अळीच असते, कारण तिची अंडी आतड्यातच फुटतात. बघायला दोन मिनिटं लागतात. सोळा वर्षांत त्यानं ती दोन मिनिटं कधी दिली नव्हती, कारण सगळ्या डब्या उन्हातून, गाड्यांतून, पानठेल्यांवरून यायच्या, आणि शिळं म्हटलं की सगळ्याचा उलगडा व्हायचा.

तोंड आखूड होतं.

थुंकीची काचपट्टी त्यानं रंगवायला घेतली, पण रंगवण्याआधी तशीच भिंगाखाली धरली. का धरली ते त्याला सांगता आलं नसतं. थुंकीत एक लांबट अळी सावकाश अंग मोडत, तिथंच राहत असल्यासारखी फिरत होती.

तो दोन्ही काचा ट्रेमध्ये घेऊन डॉक्टरांकडे गेला. डॉक्टरांनी पाहिलं, कपाटातलं जाड पुस्तक काढलं, आणि उभ्यानंच वाचत राहिले.

"तुमच्या बहिणीला काही गोळ्या चालू होत्या?" त्यांनी विचारलं.

"दम्याच्या. पांढऱ्या, बारीक."

"किती दिवस?"

"दोन वर्सं."

डॉक्टरांनी पुस्तक मिटलं नाही. "ही अळी पायातून अंगात शिरते. ओल्या मातीतून. माणसाच्या आतड्यात वीस-वीस वर्षं राहते, कुणाला कळत नाही, कारण शरीर तिला वाढू देत नाही. त्या गोळ्यांनी दमा दबतो, पण शरीराची ती ताकदही जाते. मग तिला अडवायला कुणी उरत नाही. आतड्यातून रक्तात, रक्तातून फुप्फुसात." त्यांनी पुस्तकावरून डोळे उचलले. "गोळ्या कोण देत होतं?"

भिवाजीच्या मागं दारात सैफुद्दीन येऊन उभा राहिला होता.

"मी," भिवाजी म्हणाला.

डॉक्टर त्याला बोलले असते तर बरं झालं असतं. त्यांनी कागदावर एका औषधाचं नाव लिहिलं आणि म्हणाले, "आपल्याकडे नाही. अकोल्यात बघा, नाहीतर नागपूरला तार करू. आणि त्या गोळ्या आजपासून कमी करत बंद."

सैफुद्दीननं तो कागद घेतला आणि कुणाची परवानगी न घेता अकोल्याची गाडी पकडली. दुसऱ्या दिवशी दुपारी परत आला. त्यानं सगळी दुकानं पालथी घातली होती. एका दुकानदारानं नागपूरहून मागवून देतो म्हणून शब्द दिला होता, चार-पाच दिवसांत. सैफुद्दीन भिवाजीच्या स्टुलाशी खाली जमिनीवर बसला आणि म्हणाला, "कपाट म्या उघडलं होतं भाई." भिवाजीनं त्याच्या खांद्यावर हात ठेवला. सैफुद्दीन खोटं बोलत नव्हता.

बायकांच्या खोलीत कोपऱ्यातली खाट भागिरथाची होती. सलाईन चाललेली, नाकात ऑक्सिजनची नळी. भिवाजी काम संपवून येई आणि खाटेशी बसे. रोज सकाळी तो तिचा नमुना स्वतः तपासत होता. रोज अळ्या जास्तच दिसत.

"भिवा," ती म्हणाली, "ते गोळी दे ना रे एक."

"डॉक्टरनं कमी केल्या बाई. आजची झाली."

"त्याले काय समजते? कालचं पोरगं. तुह्या गोळीनं माहा श्वास मोकळा होते, मले मालूम हाय ना." ती थांबली, दोन-तीन श्वास गोळा केले. "तुले नाही म्हनते काय कोनी? तुहाच दवाखाना हाय."

शेजारच्या खाटेवरच्या बाईला तिनं हातानं खूण करून सांगितलं, "माहा भाऊ हाय. याच्या गोळ्याइनं दोन वर्सं जगली मी. नाही तं दुष्काळातच गेली असती."

भिवाजी उठून बाहेर ओट्यावर आला. सांगावं का तिला? की बाई, तुझे जुलाब, तुझे डाग, हा श्वास, सगळं त्याच पुडीतून आलं. की तीन वेळा ते माझ्या भिंगाखाली होतं आणि तीन वेळा मी 'शिळा' लिहिलं? सांगितलं तर आपल्याला हलकं वाटेल हे त्याला कळत होतं. म्हणूनच सांगायला जीभ रेटेना. तिच्याजवळ सगळ्या आयुष्यातून उरलेलं एवढंच होतं, की तिनं वाढवलेल्या भावानं तिला दोन वर्षं दिली. ते काढून घ्यायचा आपल्याला काय अधिकार?

तो आत आला. "उद्या देतो बाई," म्हणाला.

"उद्या विसरू नोको," ती म्हणाली.

पाचव्या दिवशी सकाळी तिला ताप भरला, मान ताठ झाली, आणि दुपारी गाड्यांची वेळ असताना ती गेली. रामकिसन जेवणाचा डबा घेऊन आला होता. तो डबा हातात धरून दारातच उभा राहिला. नागपूरचं औषध दोन दिवसांनी आलं. सैफुद्दीननं ते कपाटात, त्या पांढऱ्या गोळ्यांच्या डब्याशेजारी ठेवलं आणि डबा उचलून साहेबांच्या खोलीत कुलपात नेऊन ठेवला.

भागिरथाच्या पुण्यानुमोदनाच्या वंदनेच्या आदल्या दिवशी भिवाजी रिठदला मळ्यावर गेला. रजिस्टरातल्या तीन ओळी त्यानं लाल शाईनं खोडून नीट लिहिल्या होत्या. त्याचा कुणाला काही उपयोग नव्हता. पण मळ्यातल्या तिघींना आपल्या सांगण्याचा अजून होईल, एवढं मनात धरून तो निघाला होता. काय बोलायचं ते त्यानं गाडीत पाठ केलं होतं.

बांधावर चपलांची ओळ होती. चंपाबाईच्या, दोघींच्या, माणिकरावांचे जोडे. आणि ओळीच्या टोकाला, जागच्या जागी, टायरच्या तळाच्या. त्या दिवशी तिला उचलून गाडीत घातलं तेव्हा चपलांची आठवण कुणाला राहिली नव्हती. मागाहून त्यांना हात लावायचं कुणाच्या मनाला आलं नसावं.

बायका कडेशी आल्या. भिवाजीनं पाठ केलेलं सांगितलं. मातीतून काय शिरतं, पायाची खाज कशानं, दवाखान्यात स्वतः यायचं, डबी पाठवायची नाही, आल्या आल्या तपासतो. आणि चपला घालून काम करायचं.

तिघी ऐकत होत्या. शेवटच्या वाक्याला त्यांनी एकमेकींकडे पाहिलं.

"भाऊ, दवाखान्यात येऊ आमी," चंपाबाई हळूच म्हणाली. "पन चपलेचं काही बोलू नोका. भागिरथाबाईनं अकरा वर्सं हे जागा राखली. ते गेली अन् दहाव्या दिशी आमी चपला घालून आत गेलो, तं मालकीण काय म्हनन? उद्या दुसऱ्या गावच्या बाया आनन."

याचं उत्तर डॉक्टरांच्या जाड पुस्तकातही नसणार, असं भिवाजीला वाटलं.

आतून माणिकराव आले. डोक्यावरचं उपरणं त्यांनी काढून हातात घेतलं. "लय हलका हात होता," ते म्हणाले. मग म्हणाले, "बाहीर कायले उभे हा भिवाजीभाऊ? मधात या. भागिरथाबाई बसे ते जागा पाहा. चहा आनतो."

बौद्धपुऱ्यातल्या पुरुषाला या मळ्यात आजवर कुणी या म्हटलं नव्हतं. बायका त्याच्याकडे बघत होत्या. चंपाबाईच्या डोळ्यांत पाणी होतं आणि त्याच्या आडून थोडा अभिमानही होता.

भिवाजीनं आपल्या बुटांकडे पाहिलं. काळे, नाड्यांचे, सरकारी नोकराचे बूट. माणिकराव वाट बघत होते.

तो खाली बसला. नाड्या सोडल्या, मोजे काढून बुटांत खुपसले आणि बूट ओळीच्या टोकाला तिच्या चपलांशेजारी ठेवले. मग तो आत गेला. वेलींची सावली दाट होती, नुकतंच पाणी दिलेलं होतं.

माती गार होती. पायाला बरं वाटत होतं.